नेपाळला कधी जायचं, आक्का?

आक्का,

आज आपण काठमांडूत उतरायचं होतं. सम्मेदनं विमानात खिडकीजवळची जागा धरली होती, आणि खिडकीशी कोण बसणार यावरून आपलं भांडण आधीच होऊन गेलं होतं. तुम्ही म्हणालात, 'जाताना तुमी बसा, येताना मी बसते की.' मी म्हटलं, 'आवं, डोंगर जाताना दिसायचा असतो. येताना काय, घरची ओढ. मला फसवताय व्हय?' त्यावर तुम्ही फोनवर इतक्या मोठ्यानं हसलात की मागून तुमच्या सुनेचा, राजश्रीचा आवाज आला, 'आई, काय झालं?' ते हसणं ऐकलं ते शेवटचं.

मी आज काठमांडूत नाही. कुठं आहे ते सांगते, पण आधी मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही उत्तर देणार नाही हे कळतंय मला. तरीपण सवय अशी एका दिवसात जात नाही.

आपलं नातं लोकांना सांगायला सोपं. माझी प्रणाली तुमच्या धाकट्या सम्मेदला दिली, म्हणून तुम्ही माझ्या विहीणबाई. आम्ही साताऱ्याचे मराठे, तुम्ही तासगावाकडच्या द्राक्षबागायतदार जैन. पोरांनी पुण्यात एकमेकांना पसंत केलं आणि आपल्याला नुसतं कळवलं. तुम्ही मुलाची आई म्हटल्यावर मी धास्तावलेच होते. काय मागतील, कशावर रुसतील, कुणाच्या पाया पडावं लागेल! तर तुम्ही मागितलं एकच. 'जेवणं तेवढी दिवस मावळायच्या आत हू द्या.' मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? आणि लग्नात आमच्या लोकांनी नाचण्यात, फेटे बांधण्यात एवढा उशीर केला की अक्षता पडेपर्यंत सूर्य डोंगराआड. मी ताट घेऊन तुमच्यामागं धावतेय, 'आक्का, अजून उजेड हाय बघा, दोन घास खाऊन घ्या.' तुम्ही आभाळाकडं बघितलं आणि म्हणालात, 'उजेड हाय, पर सूर्य कुठाय? ऱ्हाऊ द्या, सकाळी खाईन की.' वरमाई पोराच्या लग्नात उपाशी झोपली! आमच्यात असं झालं असतं तर नातवंडांच्या लग्नापर्यंत बोलणी खाल्ली असती आम्ही. तुम्ही पुन्हा विषयसुद्धा काढला नाही.

मग मी पहिल्यांदा तुमच्या गावी आले. आमच्या आईची शिकवण, लेकीच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी आपली पाण्याची बाटली घरून भरून आणलेली, पिशवीत बिस्किटाचा पुडा. तुम्ही बाटलीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. 'विहीणबाई, तुमच्या लेकीचं घर पुण्यात हाय. तितं पिऊ नगासा पाणी. हे घर माझं हाय. मैत्रिणीच्या घरात जेवाय काय हरकत?' वकील व्हायला हव्या होतात तुम्ही. भाकरी, दोडक्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी अशी पोटभर जेवले मी त्या दिवशी. आपली ओळख खरी तिथून धरायची.

तुमची साठी झाली तेव्हा पोरांनी ही नेपाळची टूम काढली. 'दोघी जणी जाऊन या. सगळं आम्ही बघतो, महिना तेवढा तुम्ही ठरवा.' महिना आपल्यावर सोडला हीच त्यांची चूक. दोन विहिणींना लग्नाची तारीख ठरवायला बसवल्यासारखं झालं. एकीकडं जमतंय तर दुसरीकडं अडचण.

आमचे सुभेदार तर ऐकूनच हसायला लागले. त्यांची फौजेतली निम्मी नोकरी सिक्कीमकडच्या डोंगरात गेली. 'डोंगर बघायला इमानानं जायाचं? मला सरकारनं पगार देऊन दाखवला. पुरे झाला.' पण माहिती विचारली की मात्र छाती पुढं काढून सांगायचे. पाऊस सरला की आभाळ धुतल्यासारखं होतं, तेव्हा बर्फाची शिखरं अशी समोर येतात की हात लावावा. मार्च-एप्रिलला डोंगरावर लालभडक फुलं, तोही हंगाम वाईट नाही. थंडीत आभाळ मोकळं, पण गुडघे धरतात. आणि पावसाळ्यात? 'पावसाळ्यातला डोंगर म्हंजी बायकोचा राग. हाय हे कळतंय, पर दिसत न्हाई.' हे तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही म्हणालात, 'सुभेदारांना म्हणावं, तुमी नीट बगितला न्हाईसा.'

माझं तर ठरलंच होतं. जायचं तर दिवाळीच्या आगेमागे, शिखरं दिसतात तेव्हा. मार्च-एप्रिल मला जमायचा नाही, कारण तेव्हा आमच्या गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात, आणि त्या ऑर्डरींवरच माझं वर्षभराचं चालतं. तुम्हाला मात्र दिवाळी नको होती. तुम्ही म्हणायच्या, 'ऑक्टोबरात बागेची छाटणी. ती झाली की दोन म्हैनं बाग म्हंजी बाळंतीण, सोडून कुठं जायाचं? मग मणी फुगवायचे. मग माल काढायचा. मग बेदाणा. एप्रिलात परत खरड छाटणी. पावसाळ्यात चातुर्मास, गावाची वेस ओलांडत न्हाई मी. ऱ्हायला काय? जून. जूनच्या सुरवातीला चार दिस मोकळी असते बघा मी.'

मला बाई हे नवलच वाटलं. देवानं हिमालयाला दोन चांगले हंगाम दिले, आणि द्राक्षाला दोन छाटण्या दिल्या त्या नेमक्या त्याच महिन्यांत! जगातल्या सगळ्यांना मोबाइल सांगतो की ऑक्टोबरला जा, एप्रिलला जा, आणि तासगावच्या बाईनं तेव्हाच हातात कात्री धरायची.

'आवं पण जूनमधी काय बघायचं तिथं? चिखल? चिखल बघायला शिराळ्याला जाऊ की, जवळ पडतंय.'

'डोंगर काय उठून जातोय व्हय पावसात? असतोय की तितंच.'

'जळवा असतात म्हणं. पायाला चिकटतात.'

'चिकटली तर हळूच काडून बाजूला ठेवायची. मारायची न्हाई.'

'आणि ती तुमच्या पायावरनं काढलेली माझ्या पायावर चढली म्हंजी?'

'मग तुमी ठेवा हळूच बाजूला.'

असं आपलं चालायचं. तुमचा फोन दुपारी यायचा, मजुरांची जेवणाची सुट्टी असायची तेव्हा. मी गच्चीवरून खाली यायचे, पंखा लावायचे, पाय पसरून बसायचे. सकाळी सकाळी तुम्ही बर्फाच्या डोंगराचे फोटो पाठवायच्या, त्याखाली 'जय जिनेंद्र'. मी दुपारी मुद्दाम विचारायचे, 'हा फोटो कुठल्या महिन्यातला म्हणायचा? आभाळ निळं दिसतंय. जूनचा न्हाई वाटत.' तुम्ही म्हणायच्या, 'फोटू काढणाऱ्याला छाटणी नसंल.'

एकदा मात्र तुम्ही वेगळं बोललात. मी आले होते तेव्हा, बागेत आपण दोघी उभ्या होतो मांडवाखाली. तुम्ही सवयीनं हात वर करून एक वाकडी फांदी तारेला बांधत होता. मी विचारलं, 'आक्का, पण तुम्हाला डोंगर कशाला बघायचाय? देवदर्शनाचं म्हणाल तर समजू शकते मी.' तुम्ही फांदी सोडली नाही. म्हणालात, 'लगीन हून आले तवापासनं मान वर करून काम केलं बगा. पर वर बगितलं की पानंच. पानं, न्हाईतर घड, न्हाईतर रोग आलाय का ते. एकदा मान वर करावी आन काईच करायचं नसावं, नुस्तं बगायचं.' मी म्हटलं, 'मग तर ऑक्टोबरलाच जायला हवं.' तुम्ही हसलात. पण त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

यंदा आषाढात अचानक तुमचा फोन. 'ठरवून टाका विहीणबाई. दिवाळी झाली, चातुर्मास सुटला, की जाऊ. तुमचाच हंगाम.'

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. 'आणि बाग?'

'अजित हाय की. बगतोय त्यो.'

मी फोन ठेवला आणि सुभेदारांना सांगितलं, 'जिंकले बघा! शेवटी आक्का आल्या माझ्या वाटेवर.' दोन स्वेटर आणले, एक तुमच्यासाठी जांभळा. पायमोज्यांवरून तुम्हाला विचारलं तर म्हणालात, 'लोकरीचं नगं, मेंढराला तरास.' मग सुती घेतले, दोन-दोन जोड. अशी तयारी लग्नात केली नव्हती मी.

आणि मग तुमच्या थोरल्याचा, अजितचा फोन आला. परतीचा पाऊस लागला होता. तुम्ही सकाळी बस्तीत देवाचं दर्शन घेऊन आलात, सोप्यात टेकलात आणि परत उठला नाहीत. बाकी मला काही सांगता येत नाही त्या दिवसाचं. सुभेदारांनी वाटेत कराडला चहा आणून हातात दिला. तो तसाच गार झाला.

माधवनगर मागं पडलं, पुढं बागा सुरू झाल्या. सगळ्या बागा नुकत्या छाटलेल्या. नुसत्या काड्या, तारा आणि खाली चिखल. मी आठवडाभर तुमच्या घरीच राहिले. लोक रोज येत होते, बसत होते, उठत होते, मला घरात बसवेना. मी उठून तुमच्या बागेकडं गेले. आणि बांधावरच थबकले. आक्का, तुमची बाग हिरवीगार. मांडव पानांनी भरलेला, घड लोंबकळतायत, मोहरीएवढे मणी धरलेले. शेजारच्या बागेत काड्यांवर डोळेसुद्धा फुटले नव्हते. मला शेतीतलं फार कळत नाही, पण एवढं कळलं की काहीतरी उलटं झालंय.

अजित औषधाचा पंप खाली ठेवून बसला होता. पाऊस थांबला की फवारायचं, फवारलं की पाऊस यायचा, असं त्याचं चाललेलं. आई जाऊन धड दहा दिवस नव्हते झाले आणि त्याला बसून रडायलाही बागेनं सवड दिली नव्हती. मी विचारलं, 'अजित, बाग एवढी लवकर कशी रं?'

त्यानं पंप बाजूला सारला. मग म्हणाला, 'मावशी, आईनं यंदा गणपतीच्या तोंडावरच छाटणी धरायला लावली. आगाप. मी म्हटलं, आई, फुलोऱ्यात परतीचा पाऊस गाठंल, डावणीचा रोग येईल, घड कुजतील. तर म्हणाली, कुजले तर थोडं कुजतील, सगळं न्हाई कुजत. ऑक्टोबरात छाटली तर दिवाळीनंतर माजा पाय निघंल का हितनं?' त्यानं वर घडांकडं बघितलं. 'म्हणाली, विहीणबाईंचा हंगाम एकदा तरी सांभाळाय नगो का?'

'मग मला का न्हाई सांगितलं?'

'आईनंच बजावलं हुतं. म्हणाली, त्यांना बोलू नगंस. कळलं तर त्या उगंच जूनला तयार हुतील.'

तिथं बांधावर बसून मी रडले आक्का, लाज सोडून. घरात एवढ्या बायका रडत होत्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. अजित बिचारा घाबरला, पाणी आणायला पळाला.

आता भांडते. कुणी सांगितलं होतं तुम्हाला हा उद्योग करायला? उभं पीक पणाला लावायचं, आणि कशासाठी? मी फोनवर उगाच तोंडाची वाफ दवडत होते म्हणून? तयार झाले असते की जूनला! एका शब्दात तयार झाले असते. मला ऑक्टोबरचं काय एवढं पडलं होतं! सुभेदारांनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगत होते. मला तुमचा फोन यायला हवा असायचा, आक्का. महिना ठरला असता तर दुपारी तुम्ही कशावरून फोन केला असता? मी काय बोलले असते? पोरांचं सगळं पोरं सांगतात, सणवार दोघींचे वेगळे, देव वेगळे, तुमच्यात कांदा-लसूण नाही, आमच्यात त्याशिवाय फोडणी नाही. आपल्या दोघींचं असं एकच होतं, हे भांडण. मला वाटायचं, तुम्हालाही ठाऊक आहे ते. आणि तुम्ही खरंच मनावर घेतलंत.

का ठाऊकच होतं? हे आता कुणाला विचारू?

पोरं म्हणाली, 'आई, तू आणि बाबा जा. एकच तिकीट नवं काढायचंय.' आणि आश्चर्य बघा, इतकी वर्षं डोंगराला हात जोडणारे आमचे सुभेदार कपाटातनं जुनी कानटोपी काढून उभे. 'चल, मी येतो तुज्यासंगं. आक्कांनी येवढं केलंय, वाया नको.' मला त्यांचं फार बरं वाटलं. पण म्हटलं, नको. दोन्ही तिकिटं रद्द करा.

तर मी इथं आहे. तुमच्या बागेत. दिवाळी सरली तशी बॅग भरली आणि एसटीनं आले. घडांची विरळणी चालू आहे, मजूर बायका पुऱ्या पडत नाहीत, म्हणून राजश्रीनं मलाही एक कात्री दिली. दाटीतले मणी कापून काढायचे म्हणजे राहिलेले फुगतात. पहिल्या दिवशी मी इतके जपून कापत होते की शेजारची बाई म्हणाली, 'सुभेदारीणबाई, लाडू वळायलाय की काय?' आता जमतंय. मान मात्र भरून येते, संध्याकाळी राजश्री तेल लावून देते. पावसात काही घड गेले, खोटं कशाला सांगू, त्या ओढ्याकडच्या ओळींचे जास्त गेले. पण अजितनं बाकीचे राखले. व्यापारी येऊन बघून गेला, माल आगाप म्हणून खूश होता. तुम्ही म्हणालात तसंच झालं, सगळे नाही कुजले.

राहते तुमच्याच घरी. जेवते, पाणी पिते, दिवस मावळायच्या आत. आमची आई असती तर मला उभं केलं नसतं.

राजश्री तुमच्यासारखीच आहे हो. बोलत नाही फारसं, नुसती राबते. तुमच्या या थोरल्या सुनेनं आजवर तासगाव-सांगली सोडून पुढं काही बघितलं असेल तर माहेर, तेही भाऊबीजेपुरतं. यंदा छाटणी आगाप झाली म्हणून तिला भाऊबीजेलाही जाता आलं नाही, आणि त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. काल आम्ही दोघी एका ओळीत होतो. मी कापता कापता म्हटलं, 'राजश्री, नेपाळला येतीस का माझ्यासंगं?'

ती हसली. 'मावशी, मला कुठं जमतंय?'

'कवा जमतंय ते सांग. मी कवाबी मोकळी हाय.'

तिची कात्री थांबली. तिला वाटलं, मी चेष्टा करतेय. मी करत नाही हे बघितल्यावर ती मनाशीच बोटांवर मोजायला लागली. जानेवारीत माल काढायचा, मग बेदाणा, मग खरड छाटणी, मग पोरांच्या परीक्षा, मग डोळे फुटले की ते बघायचं. पुटपुटत पुटपुटत शेवटी थांबली. 'जूनच्या सुरवातीला जमंल,' म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. 'पर तवा डोंगर दिसत न्हाईत न्हवं? आई सांगायच्या, तुमीच सांगितलं हुतं त्यांना.'

मी वर बघितलं, पानांत, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये. तुमच्या धर्मात खोटं बसत नाही, ठाऊक आहे मला. आमच्यातही बसत नाही. तरी मी म्हटलं, 'कोण म्हणतंय? जूनमधी लय झाक दिसतात.'

'खरं?'

'खरं. तवाच जायाचं असतंय.'

ती पुन्हा कापायला लागली, पण आता घाईघाईनं, जणू गाडी उद्याच आहे. जरा वेळानं विचारते, 'मावशी, तितं थंडी असती का?' तुम्ही असता तर तिथल्या तिथं मला पकडलं असतं, आणि सगळ्या बागेत सांगत सुटला असता की विहीणबाईंनी हार मानली म्हणून. तर ऐकत असाल तर एवढं करा आक्का, तिला काही बोलू नका.